मंचावरचा पहिला रविवार

"खांबाच्या मागे नको, तो नीट दिसायला हवा," म्हणत आईने बाबांना जवळजवळ ढकलतच डावीकडच्या कोपऱ्यातल्या पहिल्या रांगेत नेलं.

चर्च केवढं! पाच हजार खुर्च्या, वर दोन सज्जे, मंचावर नाटकासारखे दिवे. दोघं परगावाहून सकाळच्या बसने आले होते. दारातच बाबांनी मान वर करून छत पाहिलं, ते डोक्यावरची टोपी पडेपर्यंत.

"आपल्या पोराला इथं उभं करतात म्हणजे बघ!"

"कायम कुठं केलंय अजून? आज बघणार, मग ठरवणार."

धाकधूक त्याचीच होती. पोराने छापखान्यातली पक्की नोकरी सोडली होती. याआधीचे दोघे इथं टिकले नव्हते. एक फार घाईचा, दुसरा अगदीच कोरडा. आज उपासना संपल्यावर चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या बाई डावीकडच्या या चाळीस खुर्च्यांवरच्या लोकांची पसंती विचारणार होत्या. जमलं तर दर रविवार त्याचा. नाहीतर हात हलवत परत.

दिवे मंद झाले. पोरगा मंचावर चढला. अंगात आईने शिवलेला काळा सदरा.

"चौकडीचं कापड घेतलं असतंस तर उठून दिसला असता," बाबा कुरकुरले.

"साधाच लागतो म्हणाला. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

सुरुवात विनोदाने झाली. मोठ्या चर्चमध्ये ती तशीच होते. रांगाच्या रांगा गदागदा हलल्या. मग होडीची गोष्ट आली. सरोवरात वादळ उठलेलं, शिष्यांची गाळण उडालेली, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून खुशाल झोपलेले. पोराने वादळ असं उभं केलं की आईने खुर्चीची कड घट्ट धरली. एकच वाक्य तीनदा, दर वेळी आधीपेक्षा मोठं. हे त्याने आठवडाभर आरशासमोर घोटलं होतं. मग प्रभूंनी वाऱ्याला दटावलं आणि वारा थांबला. तळहात अलगद खाली आला. पाच हजार माणसांत कुणी हललं नाही.

"याला म्हणतात थांबणं," बाबा म्हणाले. पोराच्या अभिमानाने त्यांचे डोळे इतके भरून आले की चष्मा दोनदा पुसावा लागला.

शेजारी बसलेला म्हातारा सुतार त्यांच्याकडे वळला. "तुमचा कोण?"

"मुलगा! लहानपणी कोंबड्यांनासुद्धा गोष्टी सांगायचा. त्या पळून जायच्या, ते सोडा."

"एक शब्द निसटला नाही हो. चार वर्षं येतोय मी, आज पहिल्यांदा रडलो."

आई ताठ बसली. "मी शिकवलंय त्याला बोलायला," ती म्हणाली. एरवी ती असं कुणाला सांगत नसे, पण आज तिला राहवलं नाही.

उपासना संपली. वडीलमंडळाच्या बाई आल्या आणि स्वतःचा हात वर करून कोपऱ्याकडे पाहू लागल्या. चाळीसच्या चाळीस हात वर गेले. बाबांनी आपले दोन्ही वर केले. पाहुण्यांचे मोजत नाही, असं बाईंनी हसत खुणेने सांगितलं, तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

पोरगा मंचाच्या कडेच्या पायऱ्या धडाधड उतरून आला आणि आईच्या गळ्यात पडला. सदरा घामाने चिंब झाला होता.

"सगळं कळलं ना, बाबा?"

"सगळं! वादळ, होडी, सगळं." पुढचं मात्र त्यांना दोनदा विचारावं लागलं, कारण आनंदाने थरथरणाऱ्या त्यांच्या बोटांच्या खुणा पोराला पहिल्यांदा कळल्याच नाहीत. "फक्त एवढं सांग, मधोमध पांढऱ्या कोटात उभा राहून मघापासून नुसतं तोंड हलवत होता, तो कोण?"