जोडचाचणी

आजीच्या मागे दार लागलं तेव्हा बाळाच्या मुठीतला चेंडू किंचित सैल झाला, पण ते रडलं नाही. आजी परत आली तरी ते चेंडूकडेच बघत राहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: जोड नाही.

सांभाळणाऱ्याशी जोड नसलेलं मूल दुसऱ्या घरी जायचं. निकाल फक्त तपासनीस फिरवू शकत असे. तपासनीस वैजयंतीने तो आठवडाभर लांबवून आज चाचणी पुन्हा घेतली होती.

"आमच्या सोसायटीत त्याला सगळेच घेतात हो," बाळाची आजी, डॉ. सुमेधा टिपणीस, म्हणाल्या. "म्हणून रडत नाही. आईबाप गेलेत त्याचे, मीच आहे त्याला."

"माझी आईही हेच म्हणाली होती," वैजयंती म्हणाली. " मासळी विकायला जाताना ती मला कोळीवाड्यात शेजारणींकडे ठेवायची. तेव्हा तपासनीस तुम्ही होतात, मला दुसऱ्या घरी धाडलंत. चाचणीची चित्रफीत पाहिली आहे मी. हसून म्हणालात, 'बाई, मूल म्हणजे काय मासळीची पाटी आहे, या डोक्यावरून त्या डोक्यावर?'"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "चाचणी अपुरी होती. मला फार उशिरा कळलं."

"कळल्यावर आईला कळवलंत?"

डॉक्टरांनी बाळाला जवळ ओढलं.

वैजयंतीने बाळाच्या मनगटावरच्या पट्टीतली नोंद पाहिली. आजी बाहेर असताना त्याचं काळीज धडधडत होतं, ती आल्यावर शांत झालं होतं. जोड होती, घट्ट होती. पण नियमात ही नोंद धरत नसत, आणि डॉक्टरांना ती दिसत नव्हती.

वैजयंतीने नोंद पुसली.

"मूल तुम्हाला मिळणार नाही," ती म्हणाली.