नळीवरचा मूळ रंग

योगराजच्या दुसऱ्या फटक्याने अभिमनचे दोन दात शेणात पडले. गोठ्याच्या खांबाला बांधलेला तो माणूस आता ओरडतही नव्हता.

"थांब," रुपचंद धाकट्या भावाला म्हणाला. "आधी मिस्तरीले बोलू दे."

लोटन मिस्तरी जळगावात तीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. भर दुपारी त्याला दुकानातून ओढून जीपमध्ये कोंबलं होतं आणि रावेरकडच्या या मळ्यात आणलं होतं. त्याचा ओठ वाटेतच फुटला होता.

आठ दिवसांपूर्वी या भावांच्या बापाला, सुकदेव आबांना, केळीच्या बागेत कोणीतरी गोळी घातली. मारणाऱ्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. गवत कापणाऱ्या दगडीबाईला पानांतून निघालेली नळी तेवढी दिसली. उन्हात ती घासलेल्या भांड्यासारखी चकाकत होती, असं तिने सांगितलं. आबांचं अभिमनशी बांधावरून भांडण होतं आणि त्याच्या घरात आजाने पलटणीतून आणलेली रायफल होती. पण ती काळी निघाली.

"आबाले मारल्यावर काळी केली हाये त्यानं," योगराज म्हणाला. "मिस्तरी, तेवढं सांग. मंग याले इथंच गाडतो."

दारात त्यांची आई मंजुळाबाई उभी होती. तिने कोणालाच अडवलं नाही.

लोटनने रायफल मांडीवर घेतली. नळीवर कोरलेली अक्षरं त्याने नखाने चाचपली. कडा धारदार होत्या. घासून नवा रंग चढवला की अक्षरं बोथट होतात. जिथे हात लागतो तिथे काळेपणा झिजून तपकिरी पडला होता. त्याने नळीखालचं लाकूड सोडवलं. उजेड न पाहिलेली आतली नळी निळसर काळी होती.

'हो' म्हणून मान हलवली की आपण सुटलो, हे त्याला कळत होतं.

"हा रंग कारखान्यातला आहे," तो म्हणाला. "ऐंशी वर्षांत याला कोणी हात लावलेला नाही. ही नळी चकाकणारच नाही."

योगराजची काठी त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडलेलं लोटनने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"खोटं बोलतो हा!"

"अशीच दुसरी आणा," लोटन कण्हत म्हणाला. "शेजारी ठेवून दाखवतो."

"आपल्या आजाची हाये ना पेटीत," रुपचंद म्हणाला. "वर्षानुवर्षं कोनी काढली नाही."

"तिले काय पाह्याचं?" योगराज घाईने बोलला.

रुपचंदने त्याच्याकडे पाहिलं आणि तो स्वतः घरात गेला.

तीही काळी होती. पण सगळीकडे एकसारखी, कोरी काळी, आणि अक्षरं बोथट. लोटनने लिंबाची फोड मागवली. नळीवर दाबून घासली, फडक्याने पुसली. काळं फडक्यावर आलं. खाली गंज काढायला पॉलिश पेपरने घासलेलं पांढरं लोखंड होतं. दारातल्या उन्हात ते लखलखलं.

योगराज पळाला. रुपचंदने पाठीत लाथ घालून त्याला पाडलं, छातीवर बसला आणि त्याच रायफलीच्या दस्त्याने मारत सुटला.

"आबा बाग माह्या नावावर करत व्हते म्हनून? म्हनून बापाले मारलं?"

योगराजचं तोंड ओळखू येईना, तेव्हा खांबाला बांधलेला अभिमनच ओरडला, "रुपचंदभाऊ, सोडा! मरीन तो!"

रुपचंदचा हात थांबला.

मंजुळाबाई दारातून आत आली. दोन्ही मुलांना ओलांडून ती लोटनजवळ येऊन बसली. नवऱ्याचा मारेकरी सापडला म्हणून ही आता आपले पाय धरणार, असं लोटनला वाटलं.

"ते काळं म्याच फासलं व्हतं, मिस्तरीभाऊ," ती हळूच म्हणाली. "नवरा तं गेलताच. पोरगं वाचलं असतं. तुमाले एवढं एक खोटं बोलता आलं नाही?"