नव्या जिल्ह्याची पाटी

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते मॅटाडोरमध्ये माझ्या तान्ह्या जुळ्यांसाठी झोळ्या बांधत होते. दुष्काळात जन्मलेल्या नातवंडांना याच उन्हाळ्यात समुद्र दाखवायचाच, असा त्यांचा हट्ट होता. “ऊन बघा की, अप्पा.” “आत गाद्या टाकल्यात, टपावर पाण्याचा ड्रम हाय. लई भित्री तू!” बाळांना घरी ठेवून मलाच घेऊन चक्कर मारायला निघाले. नांदेडच्या हद्दीवरून परतताना नव्या जिल्ह्याची ठळक पाटी दिसली: लातूर. “काय लिहिलंय, अप्पा?” “उस्मानाबाद,” त्यांनी न अडखळता विभाजनाआधीच्या जुन्या जिल्ह्याचं नाव वाचलं. त्यांना दिसत नव्हतं. ते आठवणीवर गाडी चालवत होते. मला गाडी चालवता येत होती, पण अप्पांकडे स्टिअरिंग मागायचं कसं? पहाटे ते झोपेतच गेले. आम्हा लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. खड्ड्यात बसलेल्या अप्पांना मी मोठ्यानं म्हणाले, “अप्पा, गाडी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा.”