पाण्यातलं गणित

विद्यापीठातल्या मोठ्या कंप्युटरवर लावलेलं गणित संपलं आणि त्याचा आकडा सोनपेठजवळच्या गावात, ओसरीवर बसलेल्या राजनंदिनीच्या लॅपटॉपवर आला. तिने तो पाहिला आणि झाकण लावून टाकलं. मग पुन्हा उघडलं. आकडा तोच होता.

पीएच.डी.साठी ती कंप्युटरात एक रेणू बांधत होती. पाण्यातलं फ्लोराईड पकडून ठेवणारा रेणू. गावच्या हापशाच्या पाण्यात हेच फ्लोराईड होतं. ते हाडांत उतरतं आणि माणूस हळूहळू आखडत, वाकत जातो. म्हणून हापशाला लाल रंग फासलेला होता आणि बाया प्यायचं पाणी ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून आणत.

अशी गणितं आधी निर्वातात करतात. भोवती काहीच नाही. नुसता रेणू आणि नुसतं फ्लोराईड. ते सोपं असतं, लवकर होतं. त्यात तिच्या रेणूने फ्लोराईडला असं घट्ट धरलं की तिला राहवलं नाही, तिने घरी फोन केला. तुरी अजून बाजारातच होत्या, पण गावाला धीर कुठला! आईने, भागुबाईने, साखर वाटली. वडिलांनी हापशाचा लाल रंग विटकरीने घासून काढला. बायांनी त्याला हळदी-कुंकू वाहिलं. औषध येणारच आहे, तर तोवर हे पाणी प्यायला काय हरकत, असं ठरलं. ओढा ओलांडायची हौस कुणाला असते?

काल सुट्टीला आल्यावर तिला हे कळलं. ती लगेच बोलली नाही. पाण्यातलं गणित चालू आहे, ते आलं की सांगू, असं तिने ठरवलं. मनातून तिलाही वाटत होतं, चांगलंच येईल.

भागुबाई घागर घेऊन निघाली होती. पोरीचं तोंड पाहून थांबली.

"काय म्हणायलंय तुजं मशीन?"

"आई, न्हाई धरत."

"तू तर म्हणलीस, धरतंय."

"तवा भोवताली पाणी नव्हतं. आता पाणी घालून बघितलं. पाणीच फ्लोराईडला सोडत न्हाई."

"पाण्याच्या दवेला पाणीच नव्हतं?"

"आदी तसंच करतेत, आई. समदेच करतेत."

"मंग फोन कामून केलतास?"

राजनंदिनीने पायात चपला अडकवल्या आणि ती हापशाकडे निघाली. एवढासा रस्ता, पण संपता संपेना. लाजेने तिचे कान तापले होते.

हापशावर बायांची रांग होती. तिला पाहून दोघीतिघी हसल्या, एकीने पुढे यायला जागा करून दिली.

"ह्ये पाणी पिऊ नका," राजनंदिनी म्हणाली. "दवा निघाली न्हाई. मी आदीच सांगून बसले. माजं चुकलं."

बायांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पुढच्या बाईने आपली भरलेली घागर आडवी केली. मग भरून बाजूला उभ्या असलेल्या दुसरीनेही. पाणी चिखलातून वाट काढत रस्त्यावर आलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन ओढ्याच्या वाटेला लागल्या.

दांड्यापाशी एकटी चांगुणाबाई उरली. तिची पाठ इतकी वाकलेली होती की चालताना तिला फक्त जमीन दिसे. विहिरीपर्यंत तिला जाता येत नव्हतं. रंग लागल्यापासून ती दारोदार तांब्याभर पाणी मागून प्यायची. आता मात्र ती स्वतः हापसत होती. एक झटका, मग दम, मग पुन्हा एक झटका.

राजनंदिनीने तिचा हात धरला.

"मावशी, तुमी तरी नका पिऊ. मी आणून देते तुमाला तिकडचं."

"तू सुट्टी संपली की जाशील, माय," चांगुणाबाई म्हणाली. "अन् माजं आता काय वाकायचं राह्यलंय?"

तिने हात सोडवून घेतला, आणि कळशी भरेपर्यंत दांडा सोडला नाही.