पूर्णेचा उतार

तुळशीराम पेंटरनं पाण्याच्या टाकीभोवतीच्या भिंतीवर पूर्णा नदी काढली आणि तिसऱ्या दिवशी वामनरावांची म्हैस त्या पाण्यात बसायला गेली. भिंतीला धडकली, मागे सरली, पुन्हा धडकली. म्हशीच्या कपाळाला निळा रंग लागलेला सगळ्या गावानं पाहिला. पुढचे दोन दिवस ती दूधही निळसर देत होती असं वामनराव सांगतात, ते ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे खरं मानावं.

म्हशीचा दोष नव्हता. नदी तशीच उतरली होती. धरणाच्या बुडितातून उठून गाव इथं वडनेरच्या अंगाला, सडकेलगत वसलं, त्याला अकरा महिने झाले होते. सरपंच वंदनाताई म्हणाल्या, जुनं गाव गेलं ते गेलं, निदान नदी तरी डोळ्यांसमोर असू द्या. पूर्णा जन्मात कधी निळी नव्हती, पण पंचायतीनं आणलेले डबे निळे होते, त्याला कोण काय करणार? तुळशीरामनं काठावरची बाभूळ काढली, पाण्यात बसलेल्या म्हशी काढल्या, काळ्या मातीच्या उंच दरडीवरून उड्या मारणारी पोरं काढली, डोक्यावर भरल्या घागरी घेतलेल्या चार बाया काढल्या. लोक येत, बघत, डोळे पुसत.

"मले बी काढ बे तिथी," वामनराव म्हणाले. "त्या दरडीवरून उडी मारली का मी थेट पल्याडच्या काठालेच निघो. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय," तुळशीराम म्हणाला. "म्हणूनच नाई काढलं. भिंत तेवढी लांब नाई."

वामनराव पोट धरून हसले. तुळशीरामला हसू आलं नाही. लोक रडत तेव्हा त्याला रडूही येत नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. नदीही तशीच रंगवत होता. हात चालत होता. ध्यान घराकडे होतं.

घरात त्याची बायको गोजरबाई बसलेली असे. नव्या घरी नळ उंबऱ्यापाशी आला होता. धुणं मागच्या मोरीत. दळण गिरणीवाला घरून नेई. बाहेर पडायला कारण म्हणून उरलं नव्हतं, आणि ती पडलीही नव्हती. अकरा महिने. बोलायची ते हो किंवा नाही. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या ती वेळेवर घेई आणि पुन्हा नळाकडे बघत बसे. एकदा रडली असती तर तुळशीरामला बरं वाटलं असतं.

"चाल, नदी पाहाले," तो रोज म्हणे.

"नाई."

आठव्या दिवशी भाकर मोडता मोडता त्यानं सहज सांगितलं, "तुह्या गोट्यावर पुष्पाबाई बसवली मी. धुनं धुऊन राह्यली."

नदीवर प्रत्येकीचा धुण्याचा गोटा ठरलेला असे. गोजरबाईचा तिला सासूकडून आलेला. त्यावर दुसरीनं बसणं म्हणजे परक्या चुलीवर आपला तवा टाकणं.

गोजरबाईनं मान वर केली. "काऊन?"

"जागा रिकामी होती."

ती उठली. चपला सापडायला वेळ लागला. एकीच्या अंगठ्यात कोळ्यानं जाळं विणून संसार मांडला होता. तो तिनं झटकला आणि उंबरा ओलांडला. तुळशीराम दहा पावलं मागे राहून चालला. फार जवळ गेलो तर परत फिरेल, असं त्याला वाटत होतं. ओट्यावर बसलेल्या वामनरावांनी तिला येताना पाहून विडी विझवली आणि हयातीत पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

भिंतीपाशी गोजरबाई थांबली. गोटा जिथल्या तिथं होता, रिकामा. पुष्पाबाईचा पत्ता नव्हता. तुळशीराम शिव्या खायला तयार झाला. तिनं दिल्या असत्या तर मारुतीला नारळ फोडला असता त्यानं.

तिनं गोट्याकडे पाहिलंच नाही. चार बायांकडे बघत राहिली.

"ह्या बाया खाली आल्या कुठून?"

"कुठून म्हंजे? गावातून."

"उतार कुठी हाय?"

तुळशीरामनं पाहिलं. दरड होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरुषभर उंच, सलग. लहानपणी तो नदीत उडी मारूनच गेला होता आणि बाभळीच्या मुळ्या धरून वर आला होता. बायांच्या पायांनी घासून घासून दरडीत पडलेला उतार काढायचा राहूनच गेला होता.

"आठ दिवस झाले, भरल्या घागरी घेऊन उभ्या हायेत," गोजरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "वर कशा जातीन?"

त्यानं काळ्यात थोडा तांबडा कालवला आणि स्टुलावर चढला.

"गोट्याच्या उजव्या अंगानं घ्या," ती मागून सांगू लागली. "तिथी वळते. वळणावर पायरीवानी दगड हाय, थो काढा. थोडं सरका. हं."

उतार चढत गेला, वळला, दगडाला वळसा घालून वर आला. वर भिंत संपली.

"आता कुठी नेऊ?" मागे न बघता त्यानं विचारलं.

ब्रशवरचा थेंब ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आला. मग त्यानं मागे पाहिलं.

गोजरबाई भिंतीला लागून उभी होती, कोरड्या सिमेंटवर. चपला मागे काढून ठेवल्या होत्या. एका हातानं लुगडं घोट्याच्या वर धरलं होतं.