आईला सोबत

राजधानी असुन्सिओनच्या विद्यापीठात जनावरांची डॉक्टर व्हायला प्रवेश मिळाल्याचं निल्साने सांगितलं, तेव्हा आई-बाबा अंगणात तेरेरेचा थंडगार काढा पीत बसले होते. बाबा निल्साला हळूच फाटकापाशी घेऊन गेले.

"तुझ्या आईचं तुझ्यावाचून पान हलत नाही, पोरी. तू गेलीस तर ती खचेल. इथल्या कॉलेजात काय वाईट आहे?"

निल्सा दोन दिवस रडली. मग राजधानीतली जागा सोडून तिने गावातच शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं. मैत्रिणी "आईचं शेपूट" म्हणून चिडवायच्या, तेही तिने हसून घेतलं.

कॉलेजच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुपारी घरी आली, तर बाबांचं कपाट उघडं होतं आणि आत एकही सदरा नव्हता. आई जमिनीवर बसून भिंतीकडे बघत होती. निल्साने फोन लावला. बाबांच्या मागून कुणा बाईचा आवाज येत होता.

"बाबा, आईला असं टाकून कसे गेलात तुम्ही?"

"कधीचंच ठरलं होतं गं. तू घरी राहतेस की नाही, एवढ्यासाठीच थांबलो होतो."