माझ्या लग्नाचा चौक

मुंबईच्या रस्त्यावर दरवर्षी भरणाऱ्या कलाजत्रेत आईने गेरू लावलेल्या कापडावर वारली लग्नचौक काढला, लग्नघराच्या भिंतीवर काढतात तसा. आमच्या गावी, उधव्यात, वीस वर्षं प्रत्येक नवरीच्या घरचा चौक तिच्याच हातचा असायचा. दिवाळीत बाबा गेले. येत्या अठरा तारखेला माझं लग्न, आणि सवाशिणींनी सांगून टाकलं, "विधवेचा हात चौकाला नको." ज्यांना तिनेच चौक शिकवला, त्यांनीच. इथे जत्रेत तिला कोणी अडवलं नाही. चौकातल्या घोड्यावरच्या नवरीला तिने माझ्यासारखी आखूड वेणी काढली. "मावशी, ही कोण?" एका गिऱ्हाईक बाईने विचारलं. "माझी पोरगी." "गोड आहे. द्या बांधून." मी कापड ओढलं. "आये, हा आपल्या मांडवात लावू." "येडी का तू? त्या बाया माझा हात ओळखतील. पुढे तुला शिंक आली तरी ह्याच चौकावर ढकलतील." तिने कापड बाईला दिलं. "अठरा तारखेला तेवढा भिंतीवर लावा."